रत्नप्रभा सिस्टरांची आठवण

चारकोपच्या मार्केटात वांगी निवडणाऱ्या रत्नप्रभा सिस्टर दिसल्या आणि चेतनाचे डोळेच भरून आले. सातव्या महिन्यात झालेली तिची जुळी आयसीयूत काचेच्या पेट्यांमध्ये होती, तेव्हा याच सिस्टरांनी दोघांना पहिल्यांदा तिच्या छातीवर ठेवलं होतं. "रडतेस काय वेडे? बघ, तुझी ऊब लागताच कशी शांत झाली," असं दटावलंही होतं. त्या एका आवाजाच्या आधारावर तिने ते दिवस काढले होते.

कुल्फी खाणाऱ्या प्रबुद्ध आणि प्रांजलला तिने ओढतच पुढे आणलं. "सिस्टर, ओळखलंत का यांना? तुमचीच बाळं! आठवीत आहेत आता."

सिस्टर बराच वेळ दोघांकडे बघत राहिल्या. मग ओशाळून म्हणाल्या, "नाही गं आठवत."

चेतनाचा चेहरा उतरला. इतकी वर्षं ज्यांचं नाव घरात रोज निघतं, त्यांना आपण आठवूही नये?

सिस्टरांनी मुलांच्या गालांवरून हळूच हात फिरवला. "वाईट नको वाटून घेऊस. घरी गेलेली बाळं मी विसरून जाते. जी घरी नाही गेली ना, तीच आठवतात."