भिंगरीचा मधला तुकडा

"थांब, थांब, थांब!" ढब्बूनं ड्रमच्या दोन्ही काठ्या हवेत धरल्या. "तू परत कुठे गेलीस?"

"मी कुठे जाणार? इथंच तर आहे," भिंगरी म्हणाली. "तुम्हीच पळत सुटताय."

शाळेच्या संगीत-खोलीत सगळ्यांचे हात थांबले. कीबोर्डवाली ताई आपली नखं बघत बसली. गाणाऱ्या मुलीनं पाण्याची बाटली तोंडाला लावली. गाण्याच्या मधोमध गिटारचा एकटीचा तुकडा होता, मोजून अर्ध्या मिनिटाचा. सकाळपासून तिसऱ्यांदा भिंगरी त्याच्या टोकाला पोचेपर्यंत बाकीच्यांचं पुढचं कडवं अर्धं संपलेलं होतं.

आणि उद्या कार्यक्रम. आईनं अर्ध्या दिवसाची रजा टाकलेली. आजीनं अख्ख्या इमारतीत दवंडी पिटलेली की आमची पोर कुणाची पायरी न चढता, नुसत्या मोबाईलवर गिटार शिकली. काकाही येणार होता. तोच काका, जो म्हणाला होता, महिन्याभरात हे लाकूड कपाटावर चढतंय की नाही बघा.

"घरी एकदम बरोबर येतं," भिंगरी म्हणाली. "शप्पथ! शंभरपैकी शंभर. दाखवू?"

दाखव असं कुणी म्हणालं नाही, पण मोबाईल केव्हाच स्टँडवर उभा राहिला होता. गिटार शिकवणाऱ्या ॲपच्या पडद्यावर रंगीत ठिपके सरकू लागले. तिनं तार छेडली की ठिपका हिरवा व्हायचा. शेवटी चांदण्यांचा पाऊस पडला आणि ॲपमधली एक गोड बाई म्हणाली, "वा! कमाल केलीस!"

"बघा," भिंगरीनं मान उडवली.

ढब्बू हसला नाही. एरवी तो कशालाही हसायचा.

इतका वेळ खिडकीपाशी वायरींचा गुंता सोडवत बसलेले सर उठून आले. "परत वाजव बघू."

या वेळी सर तिच्याकडे बघत नव्हते, पडद्याकडे बघत होते. बोटानं मांडीवर ताल धरला होता. तुकड्याच्या मधे एके ठिकाणी गाणं थबकलं. सरांचं बोट चालूच राहिलं. ठिपका जागच्या जागी लुकलुकत उभा होता. भिंगरीचं बोट तारेवर पोचलं, तेव्हा गाणं पुढे निघालं.

"हे तुझ्यासाठी थांबतं?"

"नाही हो सर. कुठे थांबतंय?"

"थांबतं गं," ढब्बू हळूच म्हणाला. "सहा वेळा थांबलं. मी मोजलं."

सरांनी मोबाईल हातात घेतला. कोपऱ्यात हाताच्या पंजाचं बारीकसं निळं चित्र होतं. "हे बटण कधी दाबलंस?"

"ते... ते पहिल्या दिवशीच. मला वाटलं, सगळे असंच शिकतात."

"आठ महिने?"

सरांनी पंजावर बोट टेकवलं. निळा रंग गेला. "आता वाजव."

पहिले चार ठिपके तिनं पकडले. पाचवा हातातून निसटला, मग सहावा, आणि मग ते झुंडीनं आले आणि लाल होत होत निघून गेले. तिची बोटं अजून सातव्यापाशी चाचपडत होती, तेवढ्यात तुकडा संपलासुद्धा. "हरकत नाही," बाई तितक्याच गोड आवाजात म्हणाली.

भिंगरीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "सर, आज घरी जाऊन बसते. जेवणारसुद्धा नाही. मी पटकन शिकते, विचारा कुणालाही!"

"एका दिवसात नाही होत बाळा."

"मग तुकडाच गाळू या का?" ताईनं विचारलं.

"गाळून कसं चालेल? पहिलीच्या पोरींचा नाच बसवलाय त्यावर."

ढब्बूनं उगाचच मोबाईल उचलला, इकडे तिकडे बोट फिरवलं. "अरे, यात नुसतं ऐकायचं पण बटण आहे." त्यानं मोबाईल मोठ्या स्पीकरला जोडला आणि बटण दाबलं.

अर्धं मिनिट गिटार वाजली. स्वच्छ, भरदार, तालात अगदी चपखल. ढब्बूला राहवलं नाही, त्यानं खालून ड्रम धरला. ताईनं सूर भरले. गाणारी बरोबर जागेवर पुढच्या कडव्यात शिरली. दिवसभरात पहिल्यांदा गाणं सलग शेवटाला गेलं.

"झकास!" ढब्बू ओरडला. ताईनं टाळी दिली. सर कपाळ पुसत हसले. सगळ्यांना एकदम भूक लागल्याची आठवण झाली.

"आणि मी?" भिंगरी म्हणाली.

"तू आहेसच की," सर म्हणाले. "असंच मधोमध उभं राहायचं. बोटं फिरवायची, मान डोलवायची. खाली बसलेल्यांना काय कळतंय!"

"माझ्याच मोबाईलवरून?"

"तेवढा फुल चार्ज करून आण हं," ताई म्हणाली. "मधेच बंद पडायला नको."

"नाही" हा शब्द भिंगरीच्या अगदी ओठांवर आला होता. तेवढ्यात मोबाईल थरथरला. आईचा निरोप: 'पुढच्या रांगेत बसू ना? तुझी बोटं दिसली पाहिजेत. काका व्हिडिओ काढणारे.'

तिनं लिहिलं, 'मागे बसा. पुढे आवाज फार मोठा येतो.'

सरांनी स्पीकरमधून तिच्या गिटारची वायर उपटली. भिंगरी गिटारकडचं टोकही काढायला लागली.

"ते राहू दे," सर म्हणाले. "वायर दिसली नाही की लोकांना शंका येते."

मग मोकळं टोक हातात घेऊन ते स्पीकरच्या मागे गेले, गुडघ्यावर बसले आणि चिकटपट्टीनं ते नीट फरशीला चिकटवून टाकलं.

"कुणाचा पाय अडकायला नको," ते म्हणाले.