वजा एक सेकंद

गच्चीवरून वर फेकलेला चेंडू जमिनीवर कधी पडेल, याची समीकरणातून दोन उत्तरं आली होती: तीन सेकंद आणि वजा एक सेकंद. शर्वरीने वजा एकावर काट मारली.

"ते का खोडलंस?" मावशींनी विचारलं. बाबांशी लग्न करून त्या नुकत्याच या घरात आल्या होत्या.

"वेळ कधी वजा असते का? चुकीचंच आहे ते."

"चुकीचं नाही गं. चेंडू गच्चीवरून सुटला तेव्हा आपण घड्याळ लावलं. तो जमिनीवरून आला असता, तर घड्याळ लावण्याच्या एक सेकंद आधी निघाला असता. गणितात विचारलं नाही म्हणून सोडायचं, खोटं म्हणून नाही."

शर्वरीने पेन खाली ठेवलं. मग उठून तिने आपल्या वारलेल्या आईचा फोटो कपाटातल्या स्वेटरांखालून काढून आणला. मावशींना वाईट वाटू नये म्हणून लग्नाआधी तिनेच तो तिथे ठेवला होता.

मावशींनी ओढणीने काच पुसली आणि फोटो टेबलावर दोघींच्या मध्ये उभा केला.

"हिला यायची का गं असली गणितं?"

"छे, अजिबात नाही." शर्वरीला हसू आलं. "पण चेंडू एकही सुटायचा नाही हातून."