उंदरिणीची तीळवडी

नातवाचे पाय काही केल्या सरळ होईनात. ध्रुपदा तेल चोळून थकली.

शेतात आता दुसरं काही पिकतच नव्हतं. जो तो नवी लाखेची डाळ खायचा. तिचं विष पोटातल्या बाळाला बाधतं का, ते आधी प्रयोगशाळेत उंदरांवर पाहिलं होतं. निम्म्या गाभण माद्यांना डाळीसोबत उताऱ्याची तीळवडी द्यायची, बाकीच्यांना नुसती डाळ. सगळ्यांचीच पिल्लं टुणटुणीत निघाली. मग डाळ निर्धोक ठरली, अन् बायांसाठी वडी कुणी बनवलीच नाही.

"माय, पिंजरे तं तूच सांभाळत होती," लेक रडत म्हणाली. "उंदरांचं बरं झालं, मग माह्याच लेकराचं असं कसं?"

ध्रुपदानं ते इवलाले पाय पदरात घेतले.

"दोन जिवांच्या होत्या वं त्या. एकीला दिलं का दुसरी टकमक पाहे. मी समद्यायलेच वडी टाकली."