ऑपरेटरचा कान

"तुमच्या मागच्या डाव्या स्पीकरची वायर उलटी जोडलीय," ऑपरेटर म्हणाला.

सेल्समन हसला. गेली आठ वर्षं तो दुकानातल्या याच बंद खोलीत गिऱ्हाइकांना आवाज ऐकवत होता. तरी म्हाताऱ्याचा मान राखायला म्हणून तो स्पीकरमागे वाकला आणि वर आला तेव्हा चांगलाच ओशाळला होता.

"खरंच की! लाल टोक काळ्यात गेलं होतं. बसल्या जागेवरून कळलं तुम्हाला?"

ऑपरेटरनं नुसती मान हलवली, पण मनातून तो फुलला होता. तीस वर्षं सिनेमा थिएटरच्या केबिनमध्ये काढलेला माणूस. पडद्यामागचा कुठला स्पीकर खरखरतोय, हे तो काचेपलीकडून सांगायचा. कौतुक आवडत नाही असं म्हणायचा, ते खोटं होतं.

समोरच्या टेबलावर दोन रिसिव्हर ठेवले होते. रिसिव्हर म्हणजे घरातल्या सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणारा डबा. मोठ्यावर ऑपरेटरचा कधीपासून जीव होता. त्याची पत्रकं उशाशी असायची. छतात चार स्पीकर कुठे बसवायचे त्याच्या खुणाही त्याने स्टुलावर चढून करून ठेवल्या होत्या आणि त्याबद्दल बायकोच्या शिव्या खाल्ल्या होत्या. जन्मभर दुसऱ्यांना ऐकवलं, आता एकदा आपण मधल्या खुर्चीत बसून ऐकायचं, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

सेल्समननं मोठा चालू केला. डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं. ऑपरेटरनं डोळे मिटले. मग पडद्यावरच्या नटानं काहीतरी टोमणा मारला आणि ऑपरेटर खो-खो हसला.

शेजारी बसलेली त्याची बायकोही हसली. शाळेत शिकवण्यात जन्म गेल्यामुळे तिला सगळे बाईच म्हणत. पण बाई हसली ती जराशी उशिरा आणि पडद्याकडे नाही, नवऱ्याच्या तोंडाकडे बघून.

वर्षभर हे असंच चाललं होतं. एकदाच त्यानं कानाच्या डॉक्टरचा विषय काढला होता. "शेवटच्या बाकावरची कुजबुज ऐकलीय मी," असं म्हणून बाईनं चार दिवस अबोला धरला. त्यानंतर त्यानं ब्र काढला नाही. नुसता टीव्हीचा आवाज वाढवत गेला. खालच्या मजल्यावरचे दोनदा भांडून गेले, तेही त्यानं स्वतःवर घेतलं.

"हाच घ्या," बाई मोठ्याकडे बोट दाखवत म्हणाली. "किती वर्षं नुसती चित्रं बघत बसायचं माणसानं?"

"धाकटाही बघून ठेवा," सेल्समन म्हणाला. "यात स्पीकर पाचच. छतातला आवाज नाही. पण माणसांचं बोलणं तेवढं वेगळं वाढवता येतं. शिवाय स्पीकर चालू असतानाच दोघं जण हेडफोन लावून ऐकू शकतात, ज्याला जेवढा हवा तेवढा आवाज. मोठ्यात ही सोय नाही." वायर गुंडाळता गुंडाळता, पाठमोरा असतानाच त्यानं विचारलं, "काकू, घरी जास्त काय बघता तुम्ही?"

"हो, छान आहे," बाई म्हणाली.

सेल्समन वळला. त्याचा चेहरा बघून बाईला कळलं, काहीतरी चुकलं. तिनं पर्सचा बंद उगाच घट्ट धरला. वर्गात सगळ्यांसमोर उत्तर चुकलेल्या मुलीसारखी ती दिसली, आणि ऑपरेटरला ते बघवेना.

सेल्समन पुन्हा विचारणार, तेवढ्यात ऑपरेटर म्हणाला, "अहो, जरा मोठ्यानं बोला! मलाही कळलं नाही. कमी ऐकू येतं मला हल्ली."

सेल्समन बघतच राहिला. आत्ता दहा मिनिटांपूर्वी याच माणसानं वायरची चूक पकडली होती. मग त्यानं बाईकडे पाहिलं, तिच्या हातातल्या पर्सकडे पाहिलं. माणूस शहाणा होता.

"माफ करा साहेब," तो समोर येऊन मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत म्हणाला. "घरी जास्त काय बघता?"

"नाटकं," बाई पटकन म्हणाली. "आणि बातम्या."

"मग हा धाकटाच बांधा," ऑपरेटर म्हणाला. "बोलणंच समजत नाही हो मला. हेलिकॉप्टर घेऊन काय करू?"

बोलता बोलता त्यानं मोठ्याच्या बटणावर बोट ठेवलं, अर्धा फेर फिरवलं, परत जागेवर आणलं. थिएटरातल्या कुणी त्याचं हे बोलणं ऐकलं असतं तर काय म्हणालं असतं, हेही मनात येऊन गेलं.

बाई त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"कधीपासून हे?"

"झालं की वर्ष."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"लाज वाटायची," ऑपरेटर म्हणाला.

बाईची पर्सवरची पकड सैल झाली. सेल्समन खाली बघून पावतीपुस्तक चाळत राहिला.

"हेडफोन किती देऊ?" त्यानं वर बघून विचारलं.

"एक," ऑपरेटर म्हणाला.

"दोन द्या," बाई सेल्समनला म्हणाली. "मीही लावून बसेन यांच्या शेजारी. एकट्याला लाज वाटायला नको."