ओल्या भिंतीवरची उडी

पाऊस सुरू झाला आणि चिपळूणच्या बाजारातले सगळे लोक एकदम इवली इवली पावलं टाकू लागले. पडण्याचा धोका दिसला की प्रत्येकाच्या मणक्यात बसवलेला तोलक, म्हणजे तोल सांभाळणारं यंत्र, शरीराचा ताबा घ्यायचा. वीस वर्षांत गावात कुणीही पडलं नव्हतं.

बंद मासळी बाजारामागे शाल्मली भिंतीवर उडी घ्यायला धावली. दोन पावलं उरली असताना तिचे गुडघे आपोआप दुमडले आणि तोलकाने तिला अलगद चिखलात बसवलं. सकाळपासून ही नववी वेळ.

"कोरड्यात मार की उड्या," छत्री धरून उभी असलेली आई वैतागली. "तिथे कोण अडवतंय तुला?"

"कोरड्यात येतात गं मला. ओल्यात येत नाहीत, म्हणून तर ओल्यात करायच्यात."

"तोलक नाही सोडायचा तुला."

"पहिल्यांदा दहा पावलांवर बसवलं होतं. आता दोनवर आलाय. माझी सवय होतेय त्याला."

तिने तळवे पँटला पुसले, भिंतीवरचं शेवाळ बोटांनी चाचपलं, मागे गेली आणि पुन्हा धावली. यावेळी गुडघे तिचेच राहिले. तिने उडी घेतली, हात भिंतीच्या माथ्यावर टेकले, शेवाळावरून सटकले आणि ती खांद्यावर लोळत खाली आली.

आईच्या हातून छत्री सुटली. "शाल्मे! लागलं का गं?"

शाल्मलीने फुटलेल्या गुडघ्यावरचं रक्त बोटावर घेतलं, डोळ्यांसमोर धरलं.

"लागलं!" ती आनंदाने ओरडली, आणि पुन्हा दहा पावलं मागे चालू लागली.