यतीनचं अस्वल

“वारा कायम तोंडावर घ्यायचा, यतीन. अस्वलाला दिसतं बेताचंच, पण नाक फार तिखट,” परीक्षितचे बाबा सांगत होते. परीक्षितच्या इंग्लंडमधल्या, मेडनहेडच्या घरात बसून यतीन कॅनडातली शिकार ठरवत होता आणि बाबा लॅपटॉपवरच्या नकाशात बोट खुपसून त्याला ओढे दाखवत होते. परीक्षितनं चहाचे कप जरा आपटूनच ठेवले. कुणाचं लक्षही गेलं नाही.

यतीन त्याच्याच ऑफिसातला. गेल्या रविवारी पहिल्यांदा घरी आला आणि नागपूरहून आल्यापासून गप्प बसलेले बाबा एकदम बोलायला लागले.

“काका, आउटफिटर म्हणतो, मे महिना बेस्ट. अस्वलं नुकतीच बाहेर पडलेली असतात. गाइड, केबिन, रायफल, सगळं तोच अरेंज करतो.”

“त्याला विचार, जखमी अस्वलामागे कोण जातं. गाइड जाणार असेल, तरच हो म्हण.”

परीक्षितच्या पोटात दुखायला लागलं. बाबांनी सगळी नोकरी विदर्भातल्या जंगलात काढली. साहेबांच्या पाहुण्यांची पोरं त्यांच्या जीपमधून हिंडायची. परीक्षितला मात्र दर सुट्टीत एकच उत्तर, अभ्यास कर. चाळिशी आली तरी त्यानं बाबांबरोबर साधं हरीणसुद्धा पाहिलं नव्हतं. आणि आता हा उपटसुंभ येतो काय, बाबांचं अख्खं जंगल खिशात घालतो काय!

“मीपण जाणार,” तो म्हणाला. “यतीन, मेल कर त्याला. दोघं येतोय म्हणून.”

“ब्रिलियंट!” यतीन म्हणाला.

“काही नको,” बाबा म्हणाले. त्यांनी लॅपटॉप मिटून टाकला.

“का? त्याला हात धरून शिकवताय आणि मला नको? लहानपणापासून हेच चाललंय, बाबा. लोकांच्या पोरांना जंगल, मला अभ्यास. मी तुमचा कोणी लागतो की नाही?”

बाबांनी कप उचलला. न पिताच परत ठेवला. यतीनकडे त्यांनी ओशाळून पाहिलं.

“अस्वलानं फाडलेली माणसं मी खांद्यावर घालून आणलीत, परीक्षित,” ते म्हणाले. “यतीनचं काही बरंवाईट झालं, तर मला वाईट वाटेल. तुझं झालं, तर वाईट वाटून घ्यायला मी उरायचा नाही.”