डावं इंजिन

धावपट्टी समोर होती, वेग बरोबर होता, चाकं खाली आली होती, आणि डावं इंजिन बंद पडलं.

विमान डाव्या अंगाला कललं, कुंपण तोडून शेतात घुसलं आणि पडदा लाल झाला. कॅप्टनने हेडफोन काढून ठेवला, वही ओढली आणि लिहिलं: ‘बावीस नीट. तेविसावं गेलं. डावं इंजिन. सहावी वेळ.’

“किती माणसं मारलीत आज?” बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

“रिकामं होतं विमान.”

“शहाणी माणसं. आधीच उतरली असतील.”

कॅप्टन हे नाव तिनेच ठेवलेलं. त्याची सगळी हयात घड्याळं दुरुस्त करण्यात गेली होती. खऱ्या विमानाच्या पायरीवरही त्याने कधी पाय ठेवला नव्हता. मुलगी समुद्रापलीकडे, तिची लेक सात महिन्यांची, आणि आजी-आजोबांनी नातीला अजून फक्त फोनच्या काचेतच पाहिलेलं. बाबांना विमानाची भीती वाटते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण आईने ते सगळ्यांना सांगितलं होतं. कॅप्टनने स्वतः कधी तपासून पाहिलं नव्हतं. पण चाळीस वर्षं संसार केलेली बाई म्हणते म्हणजे असेल, असं धरून तो चालला होता.

त्यावर तोडही तिनेच काढली. “कॉम्प्युटरवर ओळीने पंचवीस वेळा नीट उतरवून दाखवा. मग बसते तुमच्या शेजारी. नाहीतर वर गेल्यावर घाबरून माझा हात पिळाल.”

या गोष्टीला आठ महिने झाले. खेळाच्या खोक्यावर ‘हुबेहूब आकाश’ असं छापलं होतं. त्या हुबेहूब आकाशात झाडं मुळांसकट तरंगत, नदी धावपट्टीवरून वाहत जाई, आणि एकदा तर विमानतळाचा मनोराच त्याच्या खिडकीशेजारून उडत गेला. कॅप्टन एकेक चूक वहीत टिपायचा आणि कंपनीला कळवायचा. पत्रं बायको टाइप करून द्यायची. ती जुनी टायपिस्ट, आणि तो एका बोटाने टकटक करू लागला की तिला बघवायचं नाही. खेळाची दोनशे पानी माहितीपुस्तिकाही तिनेच त्याला वाचून दाखवली होती. तो मध्येच पेंगला, ती शेवटपर्यंत पोचली.

कंपनी सुधारणा पाठवत गेली. झाडं जमिनीवर आली, नदी पात्रात गेली. डावं इंजिन मात्र दाद देईना. त्याची तऱ्हाच निराळी होती. विसाच्या आत ते कधीच बंद पडलं नाही. वीस ओलांडले की पडायचं, तेही चहानंतरच्या फेरीत.

“घड्याळ बिघडतं ते बिघडतं,” कॅप्टन चडफडायचा. “ते आकडा बघून बिघडत नाही. हे यंत्र मोजतंय की काय?”

“मग सोडा ना नाद. की भीती वाटते म्हणून हे बरंच आहे?”

हे मात्र त्याला लागायचं.

बाकी दिनक्रम घड्याळजीला शोभेल असा होता. ठीक चारला कपडे वाळत घालायचे, मग चहा, मग शेवटची फेरी. सातव्या मजल्यावरची बाल्कनी त्याच्याकडे होती. बायको ओल्या कपड्यांची बादली उंबरठ्याच्या आत आणून ठेवायची आणि तिथूनच मागे वळायची. तो दोरीशी झटत असताना ती त्याचं टेबल पुसायची, वही सरळ करून ठेवायची. या घरात आल्यापासून तिने एक रुमालसुद्धा वाळत घातला नव्हता. आळशी बाई, असं कॅप्टनचं पक्कं मत होतं. एकदा सहलीत सगळे दीपगृह चढून वर गेले, तेव्हाही ती खाली पिशव्या राखत बसली होती. “कुणीतरी थांबायलाच हवं ना!” म्हणे.

तेविसावं विमान पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बायको बाजारात गेली असताना कंपनीच्या दुरुस्तीवाल्याचा फोन आला.

“काका, तुमचा कॉम्प्युटर मी इथून बघतोय. डावं इंजिन ना?”

“सहा वेळा पडलंय. आठ महिने मागे लागलोय तुमच्या.”

“एक मिनिट हां.” खटखट आवाज झाला. “सापडलं!” आणि तो हसत हसत काहीतरी सांगू लागला.

कॅप्टन ऐकत राहिला. मग म्हणाला, “सहाही वेळा?” आणि थोड्या वेळाने, “किती वाजता?” त्याने उत्तर वहीत लिहून घेतलं.

“करून टाकू नीट? दोन सेकंदांचं काम आहे.”

“नको,” कॅप्टन म्हणाला. “राहू दे तसंच.”

दुपारी त्याने मुलीला फोन लावला. बायको शेजारीच ताटं पुसत होती.

“बाबा, झाली पंचवीस? काढू तिकिटं?”

“नाही गं. आता होणारही नाहीत.” त्याने घसा साफ केला. “खरं सांगू? मला भीती वाटते विमानाची. तुझी आई म्हणते ते बरोबर आहे. तूच ये लेकीला घेऊन.”

“अहो बाबा, मग आधी सांगायचं! तुम्ही येणार म्हणून तर मी थांबले होते. पुढच्या महिन्यात येते.”

बायकोच्या हातातलं फडकं एका ताटावर बराच वेळ फिरत राहिलं.

“शेवटी कबूल केलंत,” फोन ठेवल्यावर ती म्हणाली. “भित्रे कॅप्टन!” आवाज नेहमीसारखाच चिडवणारा होता. फक्त त्या दिवशी चहा जेवणानंतर लगेचच झाला, आणि त्यात साखर दुप्पट पडली होती.

चारच्या ठोक्याला बादली उंबरठ्याच्या आत आली. कॅप्टन बाल्कनीत गेला. खिशातून वहीचा फाडलेला कागद काढून त्याने पुन्हा एकदा वाचला, त्याची बारीक घडी घातली आणि ती दोरीखालच्या चिमट्यांच्या डब्यात, अगदी तळाशी दडवली. तिथवर बायकोचा हात कधीच पोचणार नव्हता. कागदावर लिहिलं होतं: ‘इंजिनात दोष नाही. खेळात बिघाड मुद्दाम घडवायचं पान असतं, तिथे डाव्या इंजिनापुढे खूण केलेली. सहाही वेळा. दुपारी चार वाजून दहा मिनिटं.’